जोडगाडीचें सारथ्य

दिवाळी उलटून थंडी पडूं लागली, कीं पुणें, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर व अहिल्यानगर ह्या उंसाच्या मुलखांतील रस्त्यांवर एक निराळेंच वाहन दिसूं लागतें. पुढें एक ट्रॅक्टर, त्याच्यामागें उंसानें शिगोशीग भरलेली एक ट्रॉली आणि तिच्याहि मागें तशीच दुसरी. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरांत सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, आणि तितके महिने हीं वाहनें रात्रंदिवस ये-जा करीत असतात. शहरांतून मोटारीनें गांवीं निघालेल्या कुटुंबाला त्यांचें दर्शन बहुधा पाठीमागूनच घडतें. रस्ता अरुंद असतो, समोरून दिवे येत असतात, मोटार उंसाच्या भिंतीमागें रखडलेली असते, मुलें कंटाळलेलीं असतात, आणि मोटार चालविणाऱ्या गृहस्थांच्या मनांत ट्रॅक्टरवाल्याविषयीं जे उद्गार उमटतात ते नभोवाणीवरून ऐकविण्याजोगे नसतात.

त्या गृहस्थांना पडावयास हवा तो प्रश्न मात्र सहसा पडत नाहीं. पुढें बसलेल्या त्या एकट्या माणसाच्या हातापायांत ह्या सगळ्या लवाजम्यापैकीं कितीसा भाग खरोखर आहे? हिशेब करून पाहिला तर उत्तर कोणालाहि अस्वस्थ करील असें आहे. शेतीच्या सामान्य ट्रॅक्टरचें वजन २ ते २॥ टन. दोन ट्रॉल्यांत मिळून १५-१६ टन ऊंस सहज भरला जातो, कधीं त्याहूनहि अधिक. ट्रॉल्यांचें लोखंड निराळें. म्हणजे सुमारें २० टनांचा भार अडीच टनांच्या यंत्रामागें जोडलेला असतो. मालमोटारीचें तसें नाहीं. तिचें इंजिन, तिचे ब्रेक आणि तिचा माल एकाच सांगाड्यावर असतात, आणि ब्रेक दाबला कीं तिचीं सारीं चाकें एकदम धरलीं जातात. ट्रॅक्टरचा ब्रेक बहुधा त्याच्या मागच्या दोनच चाकांना असतो, आणि उंसाच्या बहुतेक ट्रॉल्यांना तर स्वतःचा ब्रेकच नसतो. ओढण्यास यंत्र समर्थ आहे, थांबविण्यास नाहीं, हें ह्या जोडगाडीचें मर्म होय. तिच्यापायीं होणारे पुष्कळ घात ह्या एका विसंगतींतूनच निघतात.

बैलगाडीच्या काळीं हा प्रश्न अशा रूपानें नव्हता. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० सालीं उभा राहिला तेव्हां, आणि त्यानंतरहि पुष्कळ वर्षें, ऊंस मोठ्या प्रमाणावर बैलगाडीनेंच कारखान्यावर येई. जवळपासच्या फडांतून तो अजूनहि तसा येतो. गाडी उताराला लागली कीं बैल पाय रोवून, मान मागें घेऊन भार तोलतो. आपल्यामागून काय येत आहे हें त्या जनावराला मानेवर कळतें. ट्रॅक्टरला मान नाहीं. चालकाला मागच्या भाराची जाणीव होते ती एक हिसका बसल्यावर, म्हणजे बहुधा उशिरा.

तथापि गाडीवानांच्या अनुभवांतील एक शब्द येथें अजून उपयोगी पडण्यासारखा आहे. तो शब्द म्हणजे उलाळ. मागें भार अधिक होऊन दांडी वर उचलली जाऊं लागली कीं गाडी उलाळ झाली असें म्हणत, आणि कोणताहि शहाणा गाडीवान उलाळ गाडी घेऊन वाटेस लागत नसे; पोतीं पुढें ओढून घेई. ट्रॉलीला नियम तोच आहे. भाराचा मध्य आंसाच्या किंचित् पुढें असावा, म्हणजे दांडी ट्रॅक्टरच्या हुकावर थोडी दाबून राहते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना रस्ता धरण्यास तो दाब उपयोगीच पडतो. मोळ्या मागल्या फळीबाहेर हातभर लोंबत ठेवल्या, वर वाढ्यांच्या पेंढ्या बांधल्या, कीं ट्रॉली उलाळ होते व दांडी ट्रॅक्टरची पाठ वर उचलूं पाहते. ज्या चाकांनीं ओढायचें आणि ज्या चाकांनीं थांबवायचें, नेमकीं तींच हलकीं होतात.

उलाळ गाडीचा दुसरा दोष असा, कीं ती शेंपूट हलवूं लागते. थोड्या वेगानें जातांना एखादा खड्डा लागतो किंवा बाजूनें मोठें वाहन वारा कापीत निघून जातें, आणि ट्रॉली डावीकडे झुकते, मग उजवीकडे, मग अधिक जोरानें डावीकडे. अशा वेळीं घाबरून चक्र उलटसुलट फिरविणारा चालक तिच्या हेलकाव्यांना जणूं तालच धरून देतो. चक्र सरळ धरून ठेवावें, इंधनाचा पाय हळूहळू उचलावा आणि वेग उतरूं द्यावा, एवढाच त्यावर उपाय आहे. एकदम ब्रेक दाबणें हा उपाय नव्हे. इंग्लंडांत मोटारीमागें चाकांवरचें घर जोडून सहलीस जाण्याची लोकांना मोठी हौस आहे. तेथें मोटारीला ज्या राजमार्गांवर ताशीं ७० मैलांची मुभा आहे तेथेंच अशा जोडगाडीला ६० मैलांची मर्यादा आहे, आणि तीन पदरी मार्गावर पुढें जाण्यासाठीं राखलेल्या कडेच्या पदरांत शिरण्यास तिला मनाई आहे. भार घरगुती व रस्ते गुळगुळीत असूनहि तेथें ही खबरदारी घ्यावीशी वाटली, ह्याचें कारण तोच हेलकावा.

उतारावर ह्या वाहनाचें खरें स्वरूप प्रगट होतें. वीस फुटांना एक फूट असा उतार डोळ्यांना फारसा जाणवतहि नाहीं. परंतु २० टनांच्या जोडीला अशा उतारावर खालीं ओढणारा जोर १ टनाचा असतो, आणि चाकांचें घर्षण वजा जातां त्यांतील अर्ध्याहून अधिक जोर आवरण्याचें काम ट्रॅक्टरवर येतें. खंबाटकीसारखे घाट राहोत, ओढ्यावरील पुलाकडे जाणारा साधा उतारहि त्यास पुरतो. तेव्हां चालकाचा खरा आधार ब्रेक नसून इंजिन असतें. खालच्या गिअरमध्यें इंजिन स्वतःच चाकांना आवरून धरतें. जो चढ ज्या गिअरमध्यें चढावा लागला असता तो त्याच गिअरमध्यें उतरावा, हा जुना दंडक ह्याचसाठीं आहे. मात्र हा गिअर उताराच्या माथ्यावरच घालावा लागतो. निम्मा उतार गेल्यावर आणि वेग वाढल्यावर जो क्लच दाबून खालचा गिअर शोधूं लागतो त्याला तो पुष्कळदां सांपडत नाहीं, आणि क्लच दाबलेला असेतोंपर्यंत इंजिनाचा व चाकांचा संबंध तुटलेला असतो. डिझेल वांचविण्यासाठीं न्यूट्रलमध्यें गाडी सोडून देण्याची चाल तर आत्मघाताची काटकसर म्हटली पाहिजे. एका उतारावर वांचणारें डिझेल एका पेल्यांत मावेल.

भार मागून रेटीत असतां ब्रेक एकदम दाबला तर ट्रॅक्टर थबकतो, ट्रॉली थबकत नाहीं. ती दांडीच्या द्वारें ट्रॅक्टरची पाठ पुढें ढकलते. रेटा सरळ रेषेंत असेपर्यंत निभावून जातें. परंतु रस्ता थोडा वळणाचा असला, किंवा एक चाक कडेच्या वाळूवर असलें, कीं रेटा तिरपा होतो आणि अडकित्त्याचीं पातीं मिटावीं तशीं ट्रॅक्टर व ट्रॉली एकमेकांवर मिटतात. दुसरी ट्रॉली त्यांत आपला वांटा उचलतेच. ह्या साऱ्यास फार तर दोन-तीन सेकंद लागतात, आणि एकदां सुरुवात झाल्यावर चालकाच्या हातीं फारसें कांहीं उरत नाहीं. म्हणून जें करावयाचें तें अगोदर करावें लागतें. वेग वळणाच्या अलीकडे कमी करायचा, वळणांत नव्हे. ब्रेक थोडा दाबायचा, सोडायचा, पुन्हां दाबायचा. आणि मूळचा वेगच कमी ठेवायचा, कारण वेग दुप्पट झाला कीं थांबविण्यासाठीं खर्चावी लागणारी शक्ति दुप्पट न होतां चौपट होते. ताशीं २० किलोमीटरनें जाणारी जोडी आणि ४० नें जाणारी जोडी दिसण्यांत सारखीच दिसते, परंतु समोर अचानक म्हैस आडवी आली म्हणजे तीं दोन अगदीं निराळीं वाहनें ठरतात.

ट्रॅक्टरची आणखी एक खोड शहरांतील माणसांना ठाऊक नसते. त्याच्या मागच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र ब्रेक आणि त्यांचीं दोन स्वतंत्र पेडलें असतात. नांगरतांना शेताच्या टोकाशीं एकच चाक आवरून थोडक्या जागेंत वळतां यावें म्हणून ही सोय. रस्त्यावर येण्यापूर्वीं दोन्ही पेडलें कडीनें एकत्र जोडावीं लागतात. ती कडी लावायची राहिली आणि मागें २० टन असतांना पाय एकाच पेडलवर पडला, तर एकच चाक धरलें जाऊन ट्रॅक्टर आडवा होतो. कडी लावण्यास दोन बोटें पुरतात. पण फडांतून थेट रस्त्यावर आलेला घाईंतला माणूस नेमका तीच विसरतो.

जोडणीचा सांधा हा ह्या वाहनाचा गळा आहे. ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरच्या हुकांत एका जाड पिनेनें अडकविलेली असते आणि पीन वर निघूं नये म्हणून तिच्या खालच्या टोकास एक खिटी असते. हंगामाच्या धामधुमींत पीन झिजते, खिटी हरवते, आणि खिटीच्या जागीं तारेचा तुकडा किंवा एखादा खिळा येऊन बसतो. मग एखाद्या खड्ड्यांत दांडी उसळली कीं तार तुटते, पीन निघते आणि चढावर असलेली ट्रॉली, कोणी सारथी नसतां, मागच्या वाहनांकडे परत येऊं लागते. दांडीखालून फुलीच्या आकारांत गेलेल्या दोन मजबूत सांखळ्या असल्या तर पीन निघाली तरी दांडी जमिनींत न रुततां सांखळ्यांच्या झोळींत अडकून राहते. पिनेच्या मानानें ह्या सांखळ्यांची किंमत कांहींच नाहीं, असें म्हणतां येणार नाहीं. पण ट्रॉलीच्या मानानें ती खरोखरच कांहीं नाहीं.

चढावर संकट उलट्या बाजूनें येतें. दांडी जितकी उंच जोडावी तितकें ट्रॅक्टरचें तोंड वर उचललें जाण्याचें भय अधिक. तोंड हलकें झालें कीं चक्र फिरविलें तरी पुढचीं चाकें रस्ता धरीत नाहींत, आणि चढावर थांबलेला भार हलविण्यासाठीं क्लच झटक्यानें सोडला तर ट्रॅक्टर मागच्या मागें उलटून चालकावरच येतो. दांडी खालच्या हुकांत जोडणें आणि पुढच्या बाजूस लोखंडी वजनें लावणें हे त्यावरचे नेहमींचे उपाय आहेत.

वळणांतील गोष्ट त्या मानानें सोपी. ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरींतून जात नाहीं. ती आंतल्या बाजूनें रस्ता कापते, आणि दुसरी ट्रॉली पहिलीहून अधिक आंतून जाते. गांवांतील चौकांत कोपऱ्यावर उभ्या असलेल्या सायकलस्वाराला ट्रॅक्टर तर निघून गेला असें वाटतें, आणि तेवढ्यांत मागचें चाक त्याच्या पायाशीं येतें. मागें घेतांना तर सारें उलट. ट्रॉलीचें शेंपूट उजवीकडे जावें म्हणून चक्र डावीकडे फिरवावें लागतें. एक ट्रॉली मागें घेणें हें कसब आहे. दोन ट्रॉल्या मागें घेणें जवळजवळ अशक्य म्हणावें, आणि ज्या वाटेनें पुढें जाऊन परत फिरतां येणार नाहीं त्या वाटेंत दोन ट्रॉल्या घालूंच नयेत.

आतां रात्रीचा विचार. वर सांगितलें तें बहुतेक ट्रॅक्टरचालकाच्या शिक्षणाचें होतें. रात्रीं मात्र अर्धी जबाबदारी मोटारवाल्यावर येते. ताशीं ८० किलोमीटर वेगानें चाललेली मोटार सेकंदाला सुमारें २२ मीटर अंतर तोडते. समोर कांहीं आहे हें दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद गेला, म्हणजे २२ ते ३३ मीटर तेथेंच संपले. त्यापुढें चांगल्या कोरड्या रस्त्यावरहि मोटार थांबण्यास आणखी ३५-४० मीटर लागतात. एकूण ६० ते ७० मीटर. आणि समोरच्याचे डोळे दिपूं नयेत म्हणून खालीं वळविलेल्या दिव्यांचा झोत एखादी काळसर वस्तु स्पष्ट दाखवितो तो साधारणतः ४०-५० मीटरपर्यंत. म्हणजे बिनदिव्याची ट्रॉली दिसते तेव्हां टक्कर अगोदरच ठरून गेलेली असते. हा हिशेब करण्यास गणिताची पदवी लागत नाहीं. तरी उत्तम पदव्या मिळविलेले कितीतरी गृहस्थ तो न करितांच रात्रीचा प्रवास करतात.

ट्रॉलीच्या मागें तांबडे दिवे आणि तांबडे परावर्तक असावेत असा कायदा आहे, आणि हंगामाच्या प्रारंभीं परिवहन खातें, पोलीस व कारखाने मिळून परावर्तक पट्ट्या चिकटविण्याची मोहीमहि करतात. पट्ट्या चिकटतात, पुढें त्यांच्यावर चिखल बसतो, लोंबणारें पाचट त्यांना झांकून टाकतें, किंवा मागें बांधलेल्या वाढ्यांच्या पेंढ्यांखालीं त्या पार दिसेनाशा होतात. दिव्याची तार ट्रॅक्टरपासून पहिल्या ट्रॉलींतून दुसरीपर्यंत न्यावी लागते आणि ती कोठें तरी तुटलेलीच असते. फडांतून निघतांना एक ओलें फडकें पट्टीवरून फिरविणें आणि लोंबणारें पाचट कोयत्यानें छाटणें, एवढ्या कामानें जें साधतें तें मागच्या मोटारीच्या कितीहि किंमती दिव्यांनीं साधत नाहीं. ट्रॅक्टरच्या पाठीमागें शेतांतील रात्रीच्या कामासाठीं एक पांढरा दिवा असतो. तो रस्त्यावर चालू राहिला तर मागून येणाराचे डोळे तर दिपतातच, शिवाय हें वाहन आपल्याकडे येत आहे कीं आपल्यापुढें जात आहे हेंच त्याला समजत नाहीं. पुढचा एक दिवा बंद असलेला ट्रॅक्टर समोरून मोटारसायकलसारखा भासतो, ही त्याचीच दुसरी बाजू.

ओलांडून पुढें जाण्याचा मोह मोटारवाल्याला होणारच. ट्रॅक्टर व दोन ट्रॉल्या मिळून लांबी १५-१६ मीटरांच्या घरांत जाते. ट्रॅक्टर २० नें आणि मोटार ६० नें चालली आहे असें धरलें, तर मागचें व पुढचें सुरक्षित अंतर धरून ती ओलांडण्यास पांच सेकंद लागतात. तेवढ्या वेळांत मोटार ८० मीटरांहून अधिक पुढें गेलेली असते आणि समोरून ८० नें येणारें वाहन ११० मीटर जवळ आलेलें असतें. म्हणजे निदान दोनशें मीटर रस्ता मोकळा दिसत नसेल तर थांबलेलेंच बरें. त्यांतून उंसाची भिंत रस्त्याची पुढची बाजू झांकून टाकते. पुढें दुसराच ट्रॅक्टर चालला असेल, तोहि जोडीचा असेल, ही शंका ज्याला येत नाहीं तो दोन जोड्यांच्या मध्यें सांपडतो.

ह्या सगळ्यांत ट्रॅक्टरचालकाला बेफिकीर म्हणून मोकळें होणें सोपें आहे. कर्णकर्कश ध्वनिवर्धक लावून चालणारा चालक मागच्या वाहनाचा कर्णा ऐकूं शकत नाहीं, हें खरें आणि त्याचें समर्थन करण्याचें कारण नाहीं. परंतु तो रात्रीं दोन वाजतां रस्त्यावर कां असतो, हेंहि विचारावयास हवें. तोडलेल्या उंसाचें वजन आणि त्यांतील साखर तासागणिक घटते. म्हणून तोड झाल्यावर शक्य तितक्या लौकर, एका दिवसाच्या आंत, तो गाळला जावा अशी कारखान्याची व शेतकऱ्याची दोघांचीहि धडपड असते. कारखान्याच्या आवारांत वजनाच्या कांट्यापुढें रांग लागलेली असते आणि नंबर केव्हां लागेल हें कोणाच्या हातांत नसतें. ऊंस उतरला कीं लगेच पुढच्या खेपेला जावें लागतें. वाहतुकीचा मोबदला टनावर व अंतरावर मिळतो, ट्रॅक्टरचे हप्ते डोक्यावर असतात, तोडणीच्या टोळीला हंगामापूर्वींच उचल दिलेली असते. ज्या व्यवहारांत टनागणिक पैसा आहे आणि झोंपेला पैसा नाहीं, त्यांत ट्रॉली जास्त भरली जाणार आणि झोंप कमी घेतली जाणार, हें कोणाहि व्यापारी माणसाला समजावून सांगावें लागत नाहीं. जादा भारासाठीं १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं दुरुस्ती होऊन २०,००० रुपये आणि शिवाय प्रत्येक जादा टनास २,००० रुपये असा जबर दंड ठरविलेला आहे. पण गाडीचें वजन निश्चितपणें होतें तें कारखान्याच्या कांट्यावर, म्हणजे धोक्याचा सारा रस्ता संपल्यानंतर. आणि तो कांटा जादा वजनाचा दाम देण्यासाठीं बसविलेला असतो. खेपेचें वजन ज्याच्या वहींत लिहिलें जातें त्यानेंच जादा भाराची गाडी दुसऱ्या खेपेस घेण्याचें नाकारलें, तर हा प्रश्न रस्त्यावर येईपर्यंत थांबणारच नाहीं.

उंसाबरोबर माणसेंहि ह्याच गाड्यांतून जातात. दसऱ्याच्या सुमारास बीड आणि मराठवाड्यांतील इतर भागांतून तोडणी मजुरांचीं कुटुंबें संसाराच्या बोचक्यांसह, कोंबड्या-शेळ्यांसह ट्रॉल्यांत बसून कारखान्यांकडे निघतात, आणि हंगाम सरल्यावर तशींच परततात. फडावरून मुक्कामाकडे जातांना बायामाणसें भरलेल्या उंसाच्या माथ्यावर बसतात, एखादें मूल ट्रॅक्टरच्या चाकावरील पत्र्यावर बसतें. मालाच्या ट्रॉलींत माणसें बसविणें नियमबाह्य आहे. पण ज्यांना दुसरें वाहन दिलेलें नाहीं त्यांना तो नियम वाचून दाखविण्यांत अर्थ नाहीं. तो मुकादमाला आणि कारखान्याला वाचून दाखवावयास हवा. माथ्यावर बसलेलीं माणसें भाराचा मध्य आणखी उंच करतात, आणि ट्रॉली खड्ड्यांत कलली कीं प्रथम तींच फेंकलीं जातात.

रिकामी जोडी परत जातांना निराळीच वागते. भार नसल्यामुळें ती प्रत्येक खड्ड्यावर उसळते, दांडी हुकांत आदळत राहते, आणि दिवसभर वीसच्या वेगाला कंटाळलेला चालक आतां चाळिसानें जाऊं लागतो. खिटी निघण्याचा संभव अशा वेळीं अधिक. कांट्यावर रात्रभर जागून आलेल्या माणसाला पहाटेच्या गार वाऱ्यांत डुलकी लागते तीहि ह्याच खेपेंत.

शेवटीं बंद पडलेल्या ट्रॉलीविषयीं. अतिभारानें टायर फुटतें किंवा आंस मोडतो, आणि ट्रॅक्टर मदत आणण्यासाठीं ट्रॉली सोडून निघून जातो. दिवा ट्रॅक्टरचा, तो ट्रॅक्टरबरोबर जातो. कांहीं चालक मागें झाडाची डहाळी टाकून ठेवतात, कांहीं रस्त्यावर दगडांची रांग मांडतात. डहाळीपेक्षां आणि दगडापेक्षां परावर्तक त्रिकोण शतपट चांगला, आणि तो ट्रॉलीपासून निदान ५०-६० पावलें मागें, वळण असेल तर वळणाच्याहि अलीकडे, ठेवावा लागतो. ट्रॉलीला टेकून ठेवलेला त्रिकोण फक्त टक्कर कोणत्या वस्तूशीं झाली एवढें सांगतो. चाकाखालीं अडसर म्हणून लावलेल्या दगडांची गोष्ट आणखी निराळी. टायर बदललें जातें, जोडी पुढें निघते, गडबडींत कोणी मागें वळून पाहत नाहीं, आणि डोक्याएवढे ते दोन-चार दगड डांबरावर तसेच राहतात. तासाभरानें, उजाडण्याच्या आधीं, दुधाच्या किटल्या बांधलेला मोटारसायकलवाला त्याच वाटेनें संकलन केंद्राकडे निघालेला असतो.